किटीच्या जागी कॅप्टन

६ जानेवारी १९३५, रविवार

आज संध्याकाळी सव्वापाच वाजता मिस्टर डॅन गेलिंग यांच्या घरी जाऊन एडाला रीतसर मागणी घातली. सविस्तर नोंद करून ठेवतो, पुढे लागेल.

कॉलर कडक होती. बूट पुसलेले होते. गेलिंग म्हणजे इथल्या मँक्स मंडळाचे, म्हणजे आमच्या बेटावरून लिव्हरपूलला आलेल्या लोकांच्या मंडळाचे अध्यक्ष, तीस वर्षं डग्लस-लिव्हरपूलच्या बोटीवर काढलेली. मी लाकडाच्या वखारीत मोजणी-कारकून आहे, दारू पीत नाही, संध्याकाळच्या वर्गात शुद्धलेखनात पहिला आलो होतो, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग पाइप तोंडातून काढून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे रे. पण तू कुणाचा?"

आमच्या बेटावरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतात. मी तयारीत होतो. मी म्हणालो, "कागदोपत्री सिद्ध करून सांगेन. सहा महिन्यांची मुदत द्यावी." त्यांचा पाइप विझला. शेवटी म्हणाले, "सहा महिने? बरं. बघ बाबा."

नाही म्हणाले नाहीत. म्हणजे होकारच, फक्त मुदतीचा.

दारात एडाने विचारलं, "बाबांनी काय विचारलं?" मी सांगितलं. "मग सांगितलंस ना?" मी म्हणालो, मुदत घेतली. तिने माझा मफलर बांधून दिला. जरा जास्तच घट्ट.

निश्चय: पाच जुलैला, म्हणजे बेटाच्या सणाच्या दिवशी, मंडळाच्या जेवणात आमच्या कॉर्किश घराण्याचा संपूर्ण वंशतक्ता सादर करायचा. शाईत.

८ जानेवारी, मंगळवार

मूळ अडचण कागदावर मांडली की अर्धं काम होतं. मांडतो.

आमच्या लोकांत आडनावं मूठभर. लिव्हरपूलच्या डिंगल भागातल्या आमच्या एका गल्लीत विल्यम कॉर्किश चार. म्हणून हाक मारताना माणसाचं नाव, मग बापाचं, मग आजाचं. गेलिंगना सगळे "डॅन बिल डॅन" म्हणतात. डॅन, बिलचा मुलगा, डॅनचा नातू. पद्धत चांगली आहे. फक्त माझ्या बाबतीत तिच्यात चूक झाली आहे. मला लहानपणापासून "विली जो किटी" म्हणतात. विली मी. जो माझे वडील. तिसऱ्या जागी आजोबांचं नाव हवं, तिथे किटीआत्या येऊन बसली आहे.

किटीआत्या, कागदोपत्री कॅथरिन, आजोबांची बहीण. आजोबा समुद्रात बुडाले, तेव्हा वडिलांना तान्हं असताना कडेवर घेऊन तीच बेटावरून इकडे आली. वडील तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्या म्हणतो. १९१७ साली वडील बोटीसकट गेले, पुढच्या वर्षी आई तापात गेली, आणि मलाही तिनेच वाढवलं. त्यामुळे लोकांनी आळसाने तिचंच नाव चिकटवलं आणि चूक पक्की झाली.

किटीच्या जागी आजोबांचं नाव आणणं, एवढंच माझं काम. सहा महिने म्हणजे खूप झाले.

९ जानेवारी, बुधवार

किटीआत्याला आजोबांचं नाव विचारलं. ती परसात हेरिंग चिरत बसली होती. "कुणाचं?" म्हणाली. मी म्हणालो, "तुझ्या भावाचं." "कुठला भाऊ?" मग सुरी पुसून, "हां. तो." आणि पुढचा मासा घेतला. मी वही उघडून उभा. दहा मिनिटांनी म्हणाली, "वेळ आहे रे. थंडीत उभा राहू नकोस."

"वेळ आहे" हे ती प्रत्येक गोष्टीला म्हणते. शहात्तर वर्षांच्या बाईच्या साक्षीवर विसंबून राहता येणार नाही. लिहिता-वाचताही येत नाही.

१३ जानेवारी, रविवार

मोठा शोध! आत्याच्या पत्र्याच्या डब्यात, सुया आणि लोकरीच्या गुंड्यांखाली, पितळी बटण सापडलं. वर नांगर कोरलेला. कोटाचं आहे. साध्या खलाशाच्या कोटाला असं बटण नसतं. आजोबा अधिकारी असणार. कदाचित कॅप्टन.

आत्या म्हणाली, "ते होय? हेरिंगच्या पिंपात निघालं. मत्स्यबाजारात. मी म्हटलं चांगलं आहे, ठेवावं." कोणत्या साली, विचारलं. म्हणाली, "तुझ्या बापाला दाढी फुटत होती तेव्हा."

विस्मरण वाढत चाललं आहे. नोंद केली.

२० जानेवारी, रविवार

रशेनच्या पाद्रीसाहेबांना पत्र पाठवलं. आमचं मूळ गाव त्या परगण्यात. तीन कच्चे खर्डे, चौथा पक्का, एकही खाडाखोड नाही. वडिलांचं नाव जोसेफ, जन्म साधारण १८७८, बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून आजोबांचं नाव व हुद्दा कळवावा, अशी विनंती.

आत्याने विचारलं, कुणाला लिहितोस? मी सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली. "तो म्हातारा मेला असेल ना आता?" मी समजावलं, पाद्री मेला तरी पद राहतं आणि वह्या राहतात. "वह्या राहतात होय," म्हणाली. नंतर चहा ओततानाही स्वतःशीच, "म्हातारा मेला असेल."

पत्र टाकायला मी स्वतः गेलो. ती म्हणाली होती, मी टाकते. पण तिला पेटी आणि खांब यातला फरक संध्याकाळी दिसत नाही.

३ फेब्रुवारी, रविवार

कामाला जागा हवी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माशाचा वास कागदाला लागतो. आत्याची मागची खोली उजेडाची आहे, तिथे कागद मांडले. तिची खाट स्वयंपाकघरात चुलीजवळ हलवली. तिच्या गुडघ्यांना ऊबच हवी असते, तेव्हा हे तिच्याच सोयीचं आहे. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "खिडकीतलं झाड तेवढं पाण्याला विसरू नकोस."

रात्री भिंतीत उंदरांची खुडबुड. मी उंदीर म्हणताच आत्या ओरडली, "नाव नको घेऊस! लांबशेपट्या म्हण!" बेटावरची ही असली समजूत विसाव्या शतकात, पक्क्या घरात. अशा माणसांकडून इतिहास कसा मिळणार?

१६ फेब्रुवारी, शनिवार

पाद्रीसाहेबांचं उत्तर. नम्र माणूस, पण मुद्दा सुटला आहे. लिहितात, त्या चार-पाच वर्षांत जोसेफ कॉर्किश अनेक, तरी आपल्या आजीचं नाव कळवावं म्हणजे शोध सोपा होईल. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईचीही नोंद माहेरच्या नावाने होते, हे ध्यानात घ्यावं.

मी आजीबद्दल विचारलंच नव्हतं! लगेच कळवलं: "चौकशी आजोबांची आहे. आजीचा मुद्दा गौण समजावा."

एडाला पत्राची नक्कल दाखवली. तिने दोनदा वाचली. म्हणाली, "गौण?" शब्द बरोबर लिहिला आहे, मी खात्री केली होती.

१७ मार्च, रविवार

रशेनहून काही नाही. महिना झाला. टपालखात्यात बेफिकिरी वाढली आहे.

तक्त्याची आखणी केली. मोठा ड्रॉइंग पेपर, कडेने दुहेरी रेघ. सर्वात खाली मी. माझ्यावर वडील. वडिलांवर रिकामा चौकोन, बाकीच्यांपेक्षा दीडपट मोठा. त्याच्यावर आणखी बारा चौकोनांची सोय ठेवली आहे. आमच्या आडनावाने ओळखलं जाणारं अख्खं शेत आहे बेटावर, तेव्हा बारा लागतीलच.

आत्या दिवा घेऊन बघायला आली. "हा मोठा डबा कुणाचा?" "आजोबांचा." तिने चौकोनावरून बोट फिरवलं. बोट ओलं होतं. डाग पडला. मी रागावलो नाही, फक्त स्पष्ट शब्दांत सांगितलं. डाग खोडरबराने निघाला नाही. पुन्हा आखावा लागणार.

६ एप्रिल, शनिवार

आज एक तत्त्वाचा निर्णय. आत्या परसातल्या जुन्या पिंपात हेरिंग धुरावून त्याचे किपर करते आणि शनिवारी बाजारात विकते. त्यासाठी मी वखारीतून ओकच्या ढलप्या आणत असे, वखारीत त्या झाडून टाकतात. आजपासून बंद. वखारीचा माल वखारीतच राहिला पाहिजे. शिवाय कॅप्टनच्या नातवाच्या कोटाला किपरचा वास येणं बरं नाही. गेलिंगांच्या बैठकीत मला तो स्वतःला जाणवतो.

आत्या म्हणाली, "मग कशावर धुरावू?" मी म्हणालो, विश्रांती घे. "विश्रांती होय," म्हणाली. तिच्या त्या पिंपावरच माझी शाळा आणि संध्याकाळचा वर्ग झाला, असं शेजारच्या मिसेस टेअर भिंतीवरून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. शाळा मी तेराव्या वर्षी सोडली. म्हणजे तसा फार खर्च नव्हता.

एडाला निर्णय सांगितला. म्हणाली, "मला तो वास आवडायचा." ती स्वभावाने भिडस्त आहे.

२१ एप्रिल, ईस्टर

मंडळाच्या जिन्यात कुणीतरी मागून हाक मारली, "विली जो किटी, दार धर की!" मी दार धरलं नाही. वळून सांगितलं, मला मिस्टर कॉर्किश म्हणत चला. तीन मिस्टर कॉर्किश एकदम वळले.

६ मे, सोमवार

राजाच्या ज्युबिलीची सुट्टी. गल्लीत टेबलं मांडली होती. प्रत्येक जण विचारत होता, "किटी, किपर कुठे?" ती सांगे, "माझा कारखाना बंद झाला, मालकाचा हुकूम." सगळे हसले. मीही हसलो, पण तो शब्द मला लागला. मालक मी नाही. मी फक्त सल्ला दिला होता.

गेलिंग दोन तास तिच्या शेजारी बसले होते. दोघं मँक्समध्ये बोलत होती. आता ती भाषा इथे चार-पाच म्हाताऱ्यांनाच येते. एकदा आत्या इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मी जवळ गेलो तेव्हा दोघंही इंग्रजीवर आली आणि हवेबद्दल बोलू लागली. माझ्याबद्दलच चाललं असणार. अनुकूल असावं.

निघताना गेलिंगांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय रे, मिळालं का उत्तर?" मी म्हणालो, रशेनहून येतंय. ते म्हणाले, "रशेनहून!" आणि आत्याकडे बघितलं. तिने मान हलवली. मला वाटतं, माझ्या चिकाटीचं दोघांना कौतुक आहे.

९ जून, रविवार

पत्र नाही. हातात सव्वीस दिवस. झोप नीट नाही.

सर्व पुराव्यांचा शांतपणे विचार केला. पुरावा एक: बटण. पुरावा दोन: समुद्रात बुडाले, म्हणजे समुद्रावर होते. पुरावा तीन: आत्याला नाव सांगता येत नाही, बायका आदरापोटी थोरल्या भावाचं नाव घेत नाहीत. आमच्यात तशी रीत नाही, पण तिच्या घरात असू शकेल. नाव बहुधा जॉन. बेटावर दर तिसरा माणूस जॉन.

चौकोनात पेन्सिलीने लिहून पाहिलं: कॅप्टन जॉन कॉर्किश. चांगलं बसतं.

१६ जून, रविवार

पेन्सिल कच्ची दिसत होती. शाईने केलं.

एडा आली होती. तक्ता बघून तिने तो उलटा ठेवला. मी कारण विचारलं. म्हणाली, "विली, बाबांना एक शब्द हवाय रे. एकच. आजच्या आज जाऊन सांग. ते वाटच बघतायत." मी विचारलं, कोणता शब्द? "मी सांगितला तर त्याला काय अर्थ?" आणि रडू लागली. फार उकडत होतं. मी खिडकी उघडली. खिडकीतलं झाड वाळलं आहे, ते तिने बघितलं आणि जास्तच रडली.

बायकांना मुदतीचा ताण सहन होत नाही.

४ जुलै, गुरुवार

उद्या. तक्ता तिसऱ्यांदा पक्का केला. भाषण वीस मिनिटांचं. आरशासमोर दोनदा म्हटलं.

आत्याला समजावून सांगितलं की उद्या गर्दी असेल, जिना उंच आहे, गुडघे दुखतील. ती म्हणाली, "आणि बॉनग कोण करणार? सोळा वर्षं माझीच भाकरी असते त्या दिवशी." मी म्हणालो, भाकरी मागच्या दाराने देऊन ये, लगेच परत ये. "बरं," म्हणाली. आणि माझी कॉलर इस्त्री करायला घेतली.

५ जुलै, शुक्रवार, रात्री अकरा

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

हॉलमध्ये बेचाळीस माणसं. तक्ता भिंतीवर लावला. मी तेवीस मिनिटं बोललो. कॅप्टन जॉन कॉर्किश यांच्यापाशी आलो तेव्हा पूर्ण शांतता होती. इतकी एकाग्रता मी मंडळात कधी पाहिली नव्हती. टाळ्यांसाठी थांबलो. वाजल्या नाहीत.

गेलिंग म्हणाले, "कॅप्टन. कुठल्या बोटीवर?" मी म्हणालो, संशोधन चालू आहे. पुरावा म्हणून बटण दिलं. त्यांनी ते तळहातावर उलटसुलट केलं आणि परत दिलं. मग विचारलं, "बरं. आणि ह्यात किटी कुठे आहे?"

मी दाखवलं. उजव्या समासात, तुटक रेघेने जोडून, बारीक अक्षरात: "संगोपन: मिस सी. कॉर्किश." आवश्यक तेवढी नोंद होती. जागा सोडली नव्हती असं कुणी म्हणू नये.

मागे कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

तेव्हा मला दिसलं, आत्या गेलीच नव्हती. भाकरी कापायची सुरी हातात घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने एडाला विचारलं, सगळ्यांना ऐकू आलं, "मी कुठंय गं?" एडा उठली, भिंतीपाशी गेली, आणि समासावर बोट ठेवलं. आत्याने एकदा त्या बोटाकडे बघितलं, एकदा मधल्या मोठ्या चौकोनाकडे.

"एवढ्या लांब?" म्हणाली.

मग तीच म्हणाली, "बॉनग थंड होईल. खाऊन घ्या रे सगळे."

गेलिंग माझ्याजवळ आले. हळू बोलले. "मी तुला एवढंच विचारलं होतं, तू कुणाचा. विली जो किटी, अख्खा डिंगल रोज तुला उत्तर सांगतो. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." मी म्हणालो, माझ्या नावातल्या चुकीबद्दल मी सविस्तर निवेदन देऊ इच्छितो. ते म्हणाले, "मुदत संपली पोरा."

भाकरी मी खाल्ली नाही. उरली नव्हती.

७ जुलै, रविवार

माझ्याविरुद्ध मंडळात गट आहे, हे आता स्पष्ट दिसतं. सादरीकरणात फक्त बोटीचं नाव कमी पडलं. बाकी सर्व व्यवस्थित होतं.

हिवाळ्यात एडाकडे राहिलेला माझा मफलर परत आला. धुऊन, घडी घालून. चिठ्ठी नाही. उन्हाळ्यात मफलर देण्यामागे काय विचार असावा, कळत नाही. थंडीसाठी असेल.

आत्या पत्र्याचा डबा भरते आहे. विचारलं तर म्हणाली, "घरी जाते." मी म्हणालो, हेच घर. म्हणाली, "हे तुझं ऑफिस."

११ जुलै, गुरुवार

आत्याला सांगितलं, ह्या वयात बेटावर कुणी नाही तुझं. ती म्हणाली, "तेच तर. मला ओळखणारं तिथे कुणी उरलं नाही. म्हणजे आता जायला हरकत नाही." ह्या वाक्यात काही तर्क नाही.

मग खाटेवर बसली आणि म्हणाली, "एक सांगू? मला वाटायचं तुला ठाऊक आहे. एवढा शिकलेला तू, रोज तीन शब्दांनी हाक मारतात तुला. ठाऊक असून बोलत नाही, माझी अब्रू राखतो, असं वाटायचं मला. किती वर्षं मनात म्हणायचे, गुणी आहे पोरगा."

मी विचारलं, काय ठाऊक आहे?

ती हसली. "काही नाही रे. वेळ आहे." आणि माझ्या मोज्याचं भोक शिवायला घेतलं.

वय झालं की माणसं असं तुटक बोलतात. तरी लिहून ठेवलं.

१३ जुलै, शनिवार

आत्या सकाळच्या बोटीने गेली. एडा सोबत गेली, आठवडाभर राहून तिला स्थिरस्थावर करून येणार आहे. गेलिंगांनी बोटीवरच्या जुन्या ओळखीने बसायला चांगली जागा मिळवली.

मी धक्क्यावर गेलो नाही. शनिवारी अर्धा दिवस असला तरी वखारीत बाल्टिक लाकडाची मोजणी होती. ती दुसऱ्या कुणाला बरोबर जमत नाही. फळ्या दोन हजार एकशे चार. पुन्हा मोजल्या, दोन हजार शहाण्णव. तिसऱ्यांदा मोजल्या नाहीत.

घरी आलो तर चुलीवर बटाटे उकडून ठेवलेले, शेजारी खारवलेले दोन हेरिंग झाकलेले. खाट आवरलेली. खाट परत मागच्या खोलीत न्यावी की नको, ठरत नाही.

२४ जुलै, बुधवार

रशेनचं पत्र. उतरवून घेतो.

"आपल्या पहिल्या पत्राप्रमाणे शोध घेणं अवघड गेलं, त्याबद्दल क्षमस्व. गेल्या सोमवारी एक वृद्ध बाई एका तरुणीसोबत माझ्याकडे आल्या आणि त्यांनी मला साल व महिना सांगितला. नोंद लगेच मिळाली. १७ फेब्रुवारी १८७८. जोसेफ, कॅथरिन कॉर्किश हिचा मुलगा. बापाचं नाव नोंदलेलं नाही.

"बाईंना वाचता येत नसल्याने ती ओळ मी वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. ही ओळ आपल्याला पाठवा, असं त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, 'त्याला कागदावर असल्याशिवाय पटत नाही.'"

कॅथरिन कॉर्किश हे नाव रशेनमध्ये एकाच वेळी अनेक बायकांचं असू शकतं. तेव्हा ह्यावरून घाईने निष्कर्ष

२५ जुलै, गुरुवार

कालचं वाक्य पुरं करायचं राहिलं. आजही होत नाही.

२६ जुलै, शुक्रवार

वखारीत गेलो. फळ्या मोजल्या.

एकोणीस वर्षांची होती. तान्हं पोर कडेवर. बोटीच्या डेकवर, फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात. इथे उतरल्यावर कुणीतरी विचारलं असेल, पोर कुणाचं? भावाचं, म्हणाली असेल. एकदा म्हटलं की आयुष्यभर म्हणावं लागतं. वडील मरेपर्यंत तिला आत्या म्हणत होते.

भाऊ नव्हताच. तिने ९ जानेवारीलाच विचारलं होतं, "कुठला भाऊ?" मी माझ्याच हाताने लिहिलं आहे. एकही अक्षर चुकलेलं नाही.

२८ जुलै, रविवार

सव्वापाच वाजता गेलिंगांकडे. तीच कॉलर. इस्त्री मी केली, नीट झाली नव्हती.

त्यांनीच दार उघडलं. मी उंबऱ्यातच म्हणालो, "मी विली जो किटी. मी किटीचा."

ते म्हणाले, "हो. ते अख्ख्या डिंगलला ठाऊक आहे रे." पाइप तोंडातून काढला. "ती तिकडे आहे. इथे मला सांगून काय?"

एडा परत आली का, विचारलं. म्हणाले, नाही आली. तिकडेच टोप्यांच्या दुकानात काम मिळालंय, किटीजवळच राहते. पत्ता मागितला. म्हणाले, विचारून कळवतो.

दार हळू लावलं. ह्याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. लागला नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

नवा तक्ता केला. रेघा न आखता. वर किटी, खाली जो, खाली विली. चार मिनिटं लागली. कागद बराच उरला.

पत्राला सुरुवात केली. "प्रिय" लिहिलं. पुढे आत्या लिहिता येत नाही, आणि दुसरा शब्द मी कधी कुणासाठी लिहिलेला नाही. पत्ताही अजून आलेला नाही. शिवाय ते वाचून दाखवणार एडा.

३ ऑगस्ट, शनिवार

वखारीतून ओकच्या ढलप्या आणल्या, दोन्ही खिसे भरून. परसातलं पिंप घासलं. ढलप्या पेटवल्या, वर ओलं पोतं टाकलं, ती टाकायची तसं. धूर चांगला धरला. मग लक्षात आलं, हेरिंग आणलेच नाहीत. बाजार बंद झाला होता.

तरी बसून राहिलो. डोळे चुरचुरले.

भिंतीपलीकडून मिसेस टेअर ओरडल्या, "किटी! आलीस का गं बाई परत?"

मी म्हणालो, नाही आली.

"मग धूर कसला?"

मी पोत्यावर आणखी पाणी शिंपडलं.